मांजरांसह दूरच्या घरी जाताना: प्रवासाआधी वासाचा विचार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा आठवड्यांनी तुम्ही दोघे देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, सुमारे १,८०० किलोमीटरवरच्या नव्या घरी कायमचे राहायला जात आहात. सोबत १३ वर्षांची मांजरी आहे आणि ४ वर्षांचा, अनोळखी पाऊल वाजले की कपाटामागे जाऊन बसणारा बोका आहे. गाडीने न्यावे की विमानाने, प्रवासात गुंगीचे औषध द्यावे का, आणि ‘मांजर माणसाला धरून राहत नाही, घराला धरून राहते’ असे घरातली ज्येष्ठ मंडळी म्हणतात, तर या दोघांना इथेच कुणाच्या तरी स्वाधीन करणे अधिक दयेचे ठरेल का, असे तुम्ही विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे, कारण बाकी सारे त्यावर अवलंबून आहे. दोघांनाही सोबत न्या. ज्येष्ठांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मांजर घराला धरून असते हे निरीक्षण बरोबर आहे, फक्त ‘घर’ या शब्दाचा मांजराच्या लेखी अर्थ वेगळा असतो. मांजराच्या गालांवर, हनुवटीखाली, कपाळावर, शेपटीच्या बुडाशी आणि पंजांच्या तळव्यांत गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला गाल घासणे, सोफ्याचा कोपरा नखांनी ओरबाडणे, तुमच्या पायांत घोटाळणे या सगळ्यांतून मांजर आपला गंध त्या त्या जागी लावून ठेवते आणि तो विरून जाण्याआधी रोज नव्याने लावते. अशा असंख्य खुणांनी भरलेली जागा त्याला सुरक्षित वाटते, आणि त्या खुणांत तुमचा वासही मिसळलेला असतो. दुसऱ्याच्या घरी ठेवलेल्या मांजराची जागा जाते आणि माणसेही जातात. तुमच्याबरोबर आलेल्या मांजराचे मात्र निम्मे घर त्याच्याबरोबर आलेले असते. १३ वर्षे एकाच माणसाच्या पायथ्याशी झोपलेल्या मांजरीला या वयात माणूस बदलायला लावणे हे १,८०० किलोमीटरच्या प्रवासापेक्षा कितीतरी कठीण आहे, असे माझे २४ वर्षांच्या पशुवैद्यकीय व्यवसायातले स्पष्ट मत आहे.

मांजरीण पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. म्हणजे घर बदलणे ही गोष्ट या जातीला परकी नाही. पण मांजरीण आधी स्वतः जाऊन नवी जागा हुंगून येते, पटली तर एकेक पिल्लू मानेला धरून नेते आणि जागा बिघडली असे वाटले की पुन्हा हलवते. आपण मात्र एका सकाळी मांजराला डब्यात बंद करतो आणि दोन दिवसांनी त्याने कधीच न हुंगलेल्या जागेत सोडतो. ही हुंगून येण्याची पायरी मांजराच्या वतीने आपणच भरून काढायची असते, आणि पुढे जे जे सांगते आहे ते सारे याच एका विचारातून आलेले आहे.

त्यातली पहिली सूचना अनेकांना विचित्र वाटते. घर हलवताना आपण सगळे धुऊन, झटकून, स्वच्छ करून बांधतो. मांजरांच्या वस्तूंचे तेवढे करू नका. त्यांची झोपायची चादर, अंथरूण, खुर्चीवरची गादी, नखे घासायचा खांब, तुमचा एखादा जुना घरात घालायचा सदरा हे निघण्याआधीच्या तीन आठवड्यांत अजिबात धुऊ नका. नवी अंथरुणे, नवा खांब, नवा लिटर बॉक्स (मांजराच्या लघवी-शौचासाठी ‘लिटर’ म्हणजे शोषक वाळू भरलेला ट्रे) यांची खरेदी करण्याचा मोह या काळात टाळा. खाणे, लिटरचा प्रकार आणि जेवणाच्या वेळा याही निघण्याआधी व पोहोचल्यावर निदान महिनाभर जशाच्या तशा ठेवा. खोकी आणि गोण्या दोन-तीन आठवडे आधीच घरात आणून ठेवल्या, म्हणजे मांजरे त्यांवर चढून, गाल घासून त्यांना आपल्या वासाचे करतात आणि मग सामान बांधताना होणारी उलथापालथ त्यांना कमी जाणवते.

तुमच्याकडे असलेल्या सहा आठवड्यांचा सर्वांत मोठा वाटा कॅरिअरवर, म्हणजे मांजर नेण्याच्या पेटीवर, खर्च करा. बहुतेक घरांत ही पेटी माळ्यावर असते आणि केवळ दवाखान्यात जाताना खाली येते, त्यामुळे ती दिसताच मांजर पलंगाखाली जाते. हे नाते उलटवता येते, पण त्याला वेळ लागतो. प्रत्येक मांजराला स्वतंत्र पेटी हवी. एरवी एकमेकांना चाटणारी मांजरे भीतीच्या भरात शेजारच्यावरच हल्ला करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. पेटी कडक प्लॅस्टिकची, वरचे झाकण पूर्ण निघणारी आणि मांजराला आत उभे राहून वळता येईल व पाय पसरून झोपता येईल एवढी असावी. आजच ती दोघांच्या आवडत्या कोपऱ्यात, झाकण काढून, जुनी चादर घालून ठेवा. पहिला आठवडाभर त्यात फक्त खाऊ टाका आणि मांजर आत गेले तरी त्याकडे पाहू नका. नंतर रोजचे जेवण आत द्या. मग झाकण बसवा, पुढे दार लावून काही सेकंदांत उघडा, मग काही मिनिटांनी, मग पेटी उचलून खोलीत एक फेरी मारा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पेटी इंजिन बंद असलेल्या गाडीत ठेवून परत आणा, पुढच्या वेळी इंजिन सुरू करा, त्यानंतर पाच-दहा मिनिटे फिरवून आणा. बोका एखाद्या पायरीवर अडला तर मागच्या पायरीवर परत या. त्याला ढकलून आत घातलेल्या एका दिवसाने तीन आठवड्यांचे काम वाया जाते. या छोट्या फेऱ्यांत कुणाच्या तोंडातून सतत लाळ गळत असेल किंवा उलटी होत असेल, तर ती भीतीची असू शकते, तशीच गाडी लागण्याचीही असू शकते. आधी कळले तर मारोपिटंटसारखे उलटीवरचे औषध पशुवैद्य वेळेत ठरवू शकतात.

आता मांजरीच्या वयाबद्दल. १३ वर्षांच्या मांजरीची तपासणी निघण्याआधी चार आठवडे तरी करून घ्या, म्हणजे काही निघाले तर उपचार स्थिर होण्यास वेळ मिळेल. रक्त, लघवी, रक्तदाब आणि थायरॉइड एवढे नक्की पाहावे. या वयात मूत्रपिंडाचा विकार बाहेरून काहीही न दाखवता बराच पुढे गेलेला असू शकतो. मांजर घरी भरपूर पाणी पिऊन तो झाकून नेते, आणि प्रवासात दोन दिवस पाणी कमी प्यायले की एकदम खचते. सांधे दुखत असतील तर तासन्तास एका अंगावर बसणेही तिला त्रासाचे होईल, म्हणून पेटीत जाड, मऊ आणि न घसरणारे अंथरूण हवे. दुखते म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी, तिचा लहान तुकडासुद्धा, कधीही देऊ नका. मांजराचे यकृत हे औषध निष्प्रभ करू शकत नाही आणि एका गोळीने मांजर दगावू शकते. तसेच निघताना पिसवा नकोत म्हणून कुत्र्यांसाठीचे, पर्मेथ्रिन असलेले औषध मांजरावर घालू नका, तेही विषारी आहे.

याच भेटीत दोघांना मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसणारी ओळख क्रमांकाची बारीक चिप, बसवून घ्या. ती असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक वाचणाऱ्या यंत्राने तपासून घ्या आणि नोंदणीतला फोन क्रमांक व पत्ता बदलून नवा करून घ्या. ही नोंद बदलायला बहुतेक जण विसरतात. चिप स्वतः कुठेही संदेश पाठवत नाही. कुणी मांजराला दवाखान्यात नेले आणि क्रमांक वाचला तरच तिचा उपयोग होतो, आणि त्या क्रमांकापुढे जुना पत्ता असेल तर तोही होत नाही. लसींच्या नोंदी, तपासण्यांचे निकाल आणि दोघांची समोरून व दोन्ही बाजूंनी काढलेली छायाचित्रे फोनमध्ये व कागदावरही ठेवा. रेबीजची लस चालू मुदतीत आहे ना, ते पाहा. विमान कंपन्या किंवा मार्गातले प्रशासन आरोग्य प्रमाणपत्र मागत असेल तर ते बहुधा प्रवासाच्या आधीच्या थोड्याच दिवसांत दिलेले असावे लागते, त्यामुळे त्यासाठी दुसरी भेट आधीच ठरवून घ्या.

गुंगीच्या औषधाबद्दल माझे मत ठाम आहे. सुस्त पडलेले मांजर आणि न घाबरलेले मांजर या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पूर्वी सर्रास दिले जाणारे ॲसेप्रोमाझिन शरीर ढिले करते, रक्तदाब उतरवते, शरीराचे तापमान राखण्याची क्षमता कमी करते, पण भीती फारशी कमी करत नाही. मांजर सगळे अनुभवते, फक्त त्याची हालचाल मंदावते. भीती कमी करण्यासाठी आज आम्ही बहुतेक वेळा गॅबापेंटिन वापरतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, २० मांजरांवर केलेल्या चाचणीत प्रवासाच्या दीड तास आधी दिलेल्या एका मात्रेने प्रवासातील आणि तपासणीतील ताण कमी झालेला दिसला होता. तुमच्या बोक्यासाठी मी त्याचा विचार नक्की करीन. मांजरीच्या बाबतीत तिच्या मूत्रपिंडाचा अहवाल आल्यावरच मात्रा ठरवावी, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि ते दुबळे असेल तर मात्रा कमी लागते. औषध कोणतेही असो, त्याची पहिली मात्रा प्रवासाच्या दिवशी देऊ नका. आठवडाभर आधी, सुट्टीच्या दिवशी, घरी देऊन पाहा. काही मांजरे त्याने डुलत चालतात, एखादे उलट जास्तच अस्वस्थ होते, आणि हे घरच्या जमिनीवर कळलेले बरे. मांजराच्या गालातल्या गंधद्रव्याची कृत्रिम नक्कल असलेले फवारेही मिळतात, ‘फेलिवे’ हे त्यांतले परिचित नाव. पेटीतल्या चादरीवर फवारून पंधरा मिनिटे वाळू द्यावे आणि मगच मांजर आत ठेवावे, कारण त्यातल्या अल्कोहोलचा ताजा वास मांजराला नकोसा होतो. त्याचा उपयोग सौम्य असतो आणि सरावाची जागा तो घेऊ शकत नाही.

गाडी की विमान? तुम्ही दोघे आहात, म्हणजे एकाने चालवावे आणि एकाने मांजरांकडे पाहावे हे शक्य आहे, तेव्हा मी गाडी सुचवीन. १,८०० किलोमीटर तीन दिवसांत, दोन मुक्काम करून पार पाडा. विमानाचा विचार केवळ केबिनमध्ये, तुमच्या आसनाखाली पेटी ठेवू देत असतील तरच करा. तसे ठरले तर सुरक्षा तपासणीत पेटी यंत्रातून जाते आणि मांजराला बाहेर काढून हातात घ्यावे लागते, हे लक्षात ठेवा. त्या गोंगाटात भेदरलेला बोका हातातून निसटला तर विमानतळावर तो सापडणे फार कठीण असते, म्हणून पेटीत बसवण्याआधीच घट्ट हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घाला आणि बंद खोलीत तपासणी करण्याची विनंती करा. सामानकक्षातून पाठवण्याचा मार्ग मी शेवटचा समजते. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांसाठी तर तो मुळीच नको. त्यांचा श्वासमार्ग आधीच अरुंद असतो आणि उष्णतेत तो पुरा पडत नाही. गुंगी दिलेले प्राणी तर बहुतेक विमान कंपन्या स्वीकारतच नाहीत.

माझ्या अनुभवात मांजर हरवण्याचा सर्वांत धोक्याचा काळ रस्त्यावरचा नसतो, तो सामान हलवण्याच्या दिवशीचा असतो. दारे दिवसभर सताड उघडी असतात, अनोळखी माणसे जड वस्तू ओढत असतात, आणि ज्या कपाटामागे बोका लपतो तेच कपाट ती माणसे उचलून नेतात. सामान उचलणारे येण्याच्या तासभर आधी दोन्ही मांजरांना न्हाणीघरात किंवा आधीच रिकाम्या केलेल्या खोलीत पाणी, लिटर बॉक्स, अंथरूण आणि उघड्या पेट्यांसह बंद करा, दाराला कुलूप लावा आणि ‘आत मांजरे आहेत, दार उघडू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. ही खोली सर्वांत शेवटी रिकामी करायची. मांजरे पेट्यांत बसून पेट्या गाडीत गेल्यावरच ते दार उघडे राहू द्या. त्या खोलीतल्या लिटर बॉक्समधले वापरलेले थोडे लिटर एका बंद पिशवीत घेऊन ठेवा. त्याचे काम पुढे आहे.

प्रवासाच्या सकाळी निघण्याआधी चार-सहा तास खाणे देऊ नका, पाणी मात्र शेवटपर्यंत असू द्या. मधुमेही मांजर किंवा लहान पिल्लू असेल तर हा उपास लागू नाही. पेटी मागच्या आसनासमोर, पुढच्या आसनामागे, खाली जमिनीवर घट्ट बसवा किंवा मागच्या आसनावर पट्ट्याने आवळा. पुढच्या आसनावर ठेवू नका, कारण तिथली एअरबॅग फुटली तर पेटी चेंगरते. पेटीवर तीन बाजूंनी पातळ सुती कापड टाकले की मांजराला भोवतालचे पळते दृश्य दिसत नाही. समोरची बाजू हवेसाठी मोकळी ठेवा. संगीत नको, मोठ्याने बोलणेही नको. मांजर तासभर ओरडेल, काही वेळा दोन तास ओरडेल, आणि बहुधा त्यानंतर गप्प बसेल. ते ओरडते म्हणून दार उघडू नका. चालत्या गाडीत सुटलेले मांजर सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात जाते आणि तो कोपरा ब्रेकच्या पायपट्टीखाली असतो. गाडी थांबली असतानाही पेटी उघडायची असेल तर आधी सगळ्या खिडक्या आणि दारे बंद आहेत याची दोघांनी एकमेकांना मोठ्याने खात्री द्या.

दर दोन-तीन तासांनी थांबून पाणी दाखवा. बहुतेक मांजरे दिवसभर पाणीही पीत नाहीत आणि लघवीही करत नाहीत. बारा-चौदा तासांपर्यंत निरोगी मांजराच्या बाबतीत याची काळजी करू नये. काळजी तापमानाची करा. मांजराला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना येतो, त्यामुळे बंद गाडीतली उष्णता ते बाहेर टाकू शकत नाही. बाहेर २२ अंश सेल्सिअस असतानाही उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतले तापमान तासाभरात ४० अंशांच्या पुढे जाते आणि खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून जेवायला दोघांनी मिळून उतरायचे नाही. एक जण कायम गाडीत, थंड हवा चालू ठेवून. कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकणारे मांजर म्हणजे धोक्याची सूचना समजा: गाडी थांबवा, हवा थंड करा, कान आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा, आणि काही मिनिटांत श्वास शांत झाला नाही तर जवळचा दवाखाना गाठा. मार्गातल्या दोन-तीन ठिकाणच्या चोवीस तास चालणाऱ्या पशुदवाखान्यांचे पत्ते त्यासाठी आधीच लिहून ठेवलेले हवेत.

मुक्कामाची खोली निवडताना मांजरे चालतील का, एवढेच विचारून थांबू नका. खोलीत शिरल्यावर पेट्या बंद ठेवूनच आधी गुडघ्यांवर बसून सगळे कोपरे पाहा. एका कुटुंबाने अशाच मुक्कामी मांजर मोकळे सोडले आणि ते पलंगाच्या तळाला फाटलेल्या कापडातून आत शिरून लाकडी सांगाड्यात बसले. ते खोलीतून निसटले असे समजून सगळे नऊ तास बाहेर शोधत होते, आणि पहाटे ते पलंगातून स्वतःच बाहेर आले. त्या कुटुंबाने मला फोन केला तेव्हा त्यांच्या आवाजात जो थकवा होता तो मला अजून आठवतो. म्हणून शक्य असेल तर मांजरांचा मुक्काम स्नानगृहातच ठेवा: लिटर बॉक्स, पाणी, पेट्या झाकणे काढून, आणि वर तुमचा न धुतलेला सदरा. तिथेच थोडे जेवण द्या. खोलीच्या दाराबाहेर ‘सफाईसाठी येऊ नये’ अशी पाटी लावा.

नवे घर मांजरांसाठी तुम्ही आधी हुंगायचे आहे. पेट्या गाडीतच एकाजवळ ठेवून दुसऱ्याने आत जाऊन पाहावे: ओट्याखाली आणि कपाटांमागे आधीच्या रहिवाशांनी ठेवलेले उंदराचे विष, नळांच्या पाइपांभोवतीची भोके, बंद न होणाऱ्या खिडक्या, गच्चीची किंवा सज्जाची उघडी बाजू. वरच्या मजल्यावर असाल तर जाळी बसेपर्यंत खिडकी उघडायची नाही. मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवर उतरते आणि वाचते, हा समज घातक आहे. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत दवाखान्यापर्यंत पोहोचलेली बरीचशी वाचली हे खरे, पण छातीच्या आणि जबड्याच्या दुखापती त्यांच्यात सर्रास होत्या. घरात लिलीची फुले किंवा रोपे असतील तर लगेच बाहेर काढा. कुणी गृहप्रवेशाला पुष्पगुच्छ आणला तरी तो तपासा, कारण लिलीचे पराग अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होते. फरशी फिनेलने पुसू नका. फिनॉलयुक्त द्रव पंजांना लागतो आणि पंजे चाटले जातात. साधे पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे.

यानंतर एक खोली ठरवा, शक्यतो शांत आणि बाहेरच्या दारापासून दूर. सामानातली मांजरांची खोकी सर्वांत आधी उघडून न धुतलेल्या चादरी, जुना खांब आणि खुर्चीवरची गादी तिथे मांडा. जुने लिटर ठेवलेली पिशवी आता उघडा आणि त्यातले मूठभर नव्या लिटरमध्ये मिसळा. लघवीची जागा कोणती, हे मांजराला त्या वासाने लगेच कळते. लिटर बॉक्स तीन असावेत, मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि खाण्यापासून लांब. सुती रुमालाने मांजराचे गाल हलकेच पुसा आणि तोच रुमाल त्या खोलीतल्या चौकटींवर, पलंगाच्या पायांवर, मांजराच्या डोक्याच्या उंचीवर फिरवा. मग पेट्यांची दारे उघडा आणि हात काढून घ्या. मांजरी तासाभरात बाहेर येईल असे वाटते. बोका कदाचित दोन दिवस पेटीतच राहील. त्याला ओढून काढू नका. त्याच खोलीत जमिनीवर बसून पुस्तक वाचा, हळू आवाजात बोला, रात्री तिथेच झोपा. एवढे त्याला पुरते.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टींची नोंद कागदावर ठेवा: कोणी किती खाल्ले, आणि कोणी किती वेळा लघवी केली. एक दिवस कमी खाणे समजण्यासारखे आहे. मात्र २४ तासांत कुणी काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना फोन करा, आणि दोन दिवसांपलीकडे थांबूच नका. उपाशी मांजराच्या शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होऊ शकते. लठ्ठ मांजरांत हे विशेष लवकर घडते. जेवण किंचित कोमट करून दिले की त्याचा वास वाढतो आणि बुजलेले मांजर बहुधा तोंड लावते.

लघवीची गोष्ट त्याहून निकडीची आहे, आणि तुमचा बोका भित्रा असल्यामुळे ती मी मुद्दाम विस्ताराने सांगते. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला, कोणताही जंतुसंसर्ग नसताना, सूज येते. मांजरीत याचा परिणाम वारंवार, थोडी थोडी, कधी रक्तमिश्रित लघवी एवढ्यावर थांबतो. बोक्याचा मूत्रमार्ग मात्र लांब आणि अतिशय अरुंद असल्याने तो पूर्ण बंद पडू शकतो. तो पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतो, कुंथतो, थेंबभर लघवी होते किंवा तीही नाही, मागचा भाग चाटत राहतो, ओरडतो. घरच्यांना वाटते की त्याला बद्धकोष्ठ झाला आहे, आणि ते सकाळची वाट पाहतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. लघवी पूर्ण अडली की रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. वेळेत नळी घातली तर बोका बहुधा वाचतो. म्हणून नव्या गावातल्या रात्री उघड्या असणाऱ्या पशुदवाखान्याचा पत्ता सामान सोडण्याआधी शोधून ठेवा आणि पहिले काही आठवडे ओले खाणे, त्यात थोडे पाणी मिसळून, द्या.

प्रवासानंतर दोघे एकमेकांवर फिसकारले तर घाबरू नका. दोघांच्याही अंगाला पेटीचा, गाडीचा आणि भीतीचा वास लागलेला असतो, त्यामुळे रोजचा सोबती अनोळखी भासतो. एकदा फिसकारून प्रकरण मिटले तर उत्तम. अंगावर धावून जाणे सुरू झाले तर दोन खोल्यांत ठेवा, अंथरुणे अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण द्या आणि काही दिवसांनी दार फटीएवढे उघडा.

खोलीचे दार कधी उघडायचे, याला तारीख नाही. दोघेही नीट खातात, अंग चाटून स्वच्छ करतात, शेपटी वर करून फिरतात आणि दाराशी येऊन बसतात असे दिसले की एक आणखी खोली उघडा, आणि मागे परतायला पहिली खोली उघडीच ठेवा. मांजरीला तीन-चार दिवस लागतील, बोक्याला दोन आठवडेही लागू शकतात. तुमची मांजरे पूर्वी बाहेर फिरत असतील तर निदान तीन-चार आठवडे घरातच ठेवा, आणि नंतर पहिल्यांदा बाहेर सोडताना जेवणाच्या आधी, भुकेल्या पोटी, तुम्ही सोबत असताना सोडा.

एवढे करूनही कुणी निसटलेच, तर लांब धावू नका. हरवलेल्या मांजरांवरील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात सापडलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मांजरे निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत मिळाली होती, आणि घरात राहणारी मांजरे तर त्याहून खूपच जवळ. नव्या जागी भेदरलेले मांजर हाकेला ओ देत नाही; ते जिन्याखाली, उभ्या गाड्यांखाली, झुडपात गप्प बसून राहते. रात्री वस्ती शांत झाल्यावर विजेरी घेऊन जमिनीच्या पातळीवर प्रकाश टाकत फिरा, डोळे चमकलेले दिसतील. दाराबाहेर तीच न धुतलेली चादर ठेवा आणि शेजाऱ्यांना त्यांच्या बंद खोल्या व गोदामे उघडून पाहायला सांगा.

एके दिवशी मांजरी नव्या घराच्या चौकटीला, आपणहून, गाल घासताना दिसेल. पुढे बोकाही घासेल, कदाचित महिनाभराने. दोघांनीही असे केलेले पाहिल्यानंतरच ती जुनी चादर धुवायला टाका.